बाहेरचं सॉफ्टवेअर बँकेच्या सीबीएसला जोडताना दार किती उघडायचं?

गिरगावकर

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका टियर ३ (रिझर्व्ह बँकेच्या आकारानुसारच्या वर्गवारीतल्या) नागरी सहकारी बँकेत आयटी बघतो. आमचं सीबीएस (कोअर बँकिंग सिस्टम, म्हणजे सगळी खाती आणि व्यवहार सांभाळणारी मुख्य यंत्रणा) अजून आमच्याच जागेत आहे. मुख्य कार्यालयात सर्व्हर रूम, डीआर (आपत्तीत चालवायची पर्यायी जागा) बंगळुरूला, खाली ओरॅकल डेटाबेस. यंदा संचालक मंडळाने कर्जाच्या अर्जांसाठी बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ते व्हेंडरच्या क्लाउडवर चालतं, सर्व्हर मुंबईतच आहेत. अर्ज आला की ग्राहकाची माहिती आमच्या सीबीएसमधून उचलायची, खात्याचा उतारा बघायचा, मंजुरीनंतर कर्जखातं उघडायचं आणि रक्कम बचत खात्यात टाकायची, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध.

व्हेंडरच्या पहिल्याच मेलमध्ये तीन मागण्या आल्या: डेटाबेसवर रीड-राइट युजर, आमच्या फायरवॉलवर त्यांच्या आयपीसाठी १५२१ पोर्ट (ओरॅकल डेटाबेसचं नेहमीचं दार), आणि टेस्टिंगसाठी प्रॉडक्शनची कॉपी. बाकीच्या बँका असंच देतात, हेही सोबत लिहिलंय. मी हरकत घेतली तर वरून विचारणा झाली, "व्हीपीएन टाकून द्या की, मग अडचण काय?"

शुक्रवारी बैठक आहे. तिथे नुसतं "नको" म्हणायचं नाहीये, त्याऐवजी काय करायचं ते कागदावर घेऊन जायचंय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ऐरोली_नॉक

१५२१ कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. व्हीपीएनच्या आतूनसुद्धा नाही.

रचना मी अशी करेन. व्हेंडरच्या क्लाउडपासून तुमच्यापर्यंत साइट-टू-साइट आयपीसेक टनेल (दोन नेटवर्कमधला एन्क्रिप्टेड व्हीपीएन बोगदा), आयकेई व्हर्जन २ वर. परवडत असेल तर इंटरनेटऐवजी क्लाउड कंपनीची खासगी लाइन. हे टनेल डीएमझेडमध्ये (बाहेरचं जग आणि आतलं नेटवर्क यांच्यामधल्या वेगळ्या भागात) येऊन संपलं पाहिजे. डीएमझेडमध्ये एपीआय गेटवे. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला ठरावीक विनंत्या करायची सोय, गेटवे त्या विनंत्या तपासून आत सोडतो. व्हेंडरला फक्त तो गेटवे दिसेल, एकच आयपी, एकच पोर्ट. गेटवेच्या मागे दुसरी फायरवॉल, तिच्या आत मिडलवेअर (मधला निरोप पोचवणारा प्रोग्राम), आणि मिडलवेअरच सीबीएसशी बोलेल. टनेलमधून सीबीएसच्या सबनेटकडे (नेटवर्कच्या त्या तुकड्याकडे) जाणारा रूटच नको. रूट ठेवून वर ब्लॉकचा नियम लिहिण्यात काही अर्थ नाही, एखाद्या रात्री ट्रबलशूटिंग करताना कोणीतरी तो नियम काढतं आणि परत लावायचं राहून जातं.

व्हेंडरचा व्हीपीएन फॉर्म आला की एन्क्रिप्शन डोमेनच्या (टनेलमधून कोणते पत्ते जाणार त्याच्या) रकान्याकडे नीट बघा. बहुतेक जण आपलं अख्खं नेटवर्क लिहून पाठवतात, १०.२०.०.०/१६ वगैरे. एक म्हणजे त्यात त्यांची पासष्ट हजार अॅड्रेसं येतात, त्यांच्या ऑफिसचे लॅपटॉपही असू शकतात. दुसरं म्हणजे आपल्या शाखांचं नेटवर्कही बऱ्याचदा १० नेच सुरू होतं, मग शाखेचं ट्रॅफिक टनेलमध्ये जायला लागतं आणि सकाळी दहाला फोन सुरू होतात. दोन्ही बाजूंना /३२ (फक्त एकच पत्ता) मागा, लागलं तर नॅट करा (पत्ता बदलून द्या). आणि प्री-शेअर्ड की (दोन्ही बाजूंची सामायिक गुप्त किल्ली) त्याच फॉर्ममध्ये टाइप करून मेलवर पाठवायची पद्धत बंद करा. सर्टिफिकेट वापरा. नाहीच जमलं तर अर्धी की एकाने फोनवर सांगायची, अर्धी दुसऱ्याने.

जमाखर्च

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, नेटवर्कमधलं मला फारसं कळत नाही. पण डेटाबेसमध्ये थेट लिहू देण्याबद्दल खातेवहीच्या बाजूने सांगतो.

सीबीएसमध्ये एक व्हाउचर पास होतं तेव्हा नुसती एक ओळ पडत नाही. नावे-जमा दोन्ही बाजू, जीएलची (मुख्य खातेवहीची) शिल्लक, व्याजाची गणना, खात्यावरचा लियन (अडवून ठेवलेली रक्कम), मर्यादा, मेकर (नोंद करणारा) कोण, चेकर (तपासून मंजूर करणारा) कोण, हे सगळं एका झटक्यात होतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरने टेबलात थेट ओळ घातली की यातलं काहीही तपासलं जात नाही. रात्री डे-एंडला (दिवसाचा हिशेब बंद करताना) ट्रायल बॅलन्स जुळत नाही आणि शाखाधिकारी फरक शोधत बसतो. तो फरक चुकीने आला की कोणी मुद्दाम घातला हेही कळायला मार्ग राहत नाही, कारण ओळीवर सगळीकडे एकाच युजरचं नाव असतं.

ठाणे_लोकल

वरच्यांच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो: व्हीपीएन पुरत नाही. टनेल वाटेत कोणी ऐकणार नाही एवढीच हमी देतं. टनेलच्या पलीकडच्या टोकाला कोण बसलंय याची देत नाही. व्हेंडरच्या सर्व्हरवर चोर शिरला तर तो तुमच्याकडे त्याच टनेलमधून येतो, आणि तुमच्या फायरवॉलला तो व्हेंडरच वाटतो.

३१ जुलै २०२४ ची गोष्ट बैठकीत जरूर सांगा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही छोट्या बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवणारी कंपनी. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने (देशातली रिटेल पेमेंट्सची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने) तिला रिटेल पेमेंट्सच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले, दुसऱ्या दिवशी जोडणी परत आली. नंतर सुरक्षा संशोधकांनी जी साखळी मांडली तिची सुरुवात आणखी एका भागीदार कंपनीच्या नीट न लावलेल्या जेन्किन्स सर्व्हरपासून होते. म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर बिल्ड करायचं एक यंत्र, तेही तिसऱ्याच कंपनीचं. त्या बँकांचा या यंत्राशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून टनेलच्या वर म्युच्युअल टीएलएस (दोन्ही बाजू एकमेकींचं सर्टिफिकेट तपासतात अशी एन्क्रिप्टेड जोडणी) हवंच, व्हर्जन १.२ च्या खाली काही चालवू नका, १.३ असेल तर उत्तम. त्याच्या वर प्रत्येक संदेशावर व्हेंडरची डिजिटल सही. ती सही गेटवेने तपासून सोडून द्यायची नाही, आत मिडलवेअरनेही तपासायची. गेटवे डीएमझेडमध्ये असतो, तो पडू शकतो असं धरूनच चाला.

कोरा_कागद

मी दुसऱ्या बाजूचा आहे. कर्जाचंच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत काम करतो (तुमची व्हेंडर कंपनी नव्हे).

आम्ही डेटाबेस का मागतो ते सांगतो, म्हणजे शुक्रवारी तुम्हाला बोलायला सोपं जाईल. बँकेकडे एपीआयची यादी मागितली की ती बहुधा नसते. सीबीएसची कंपनी प्रत्येक एपीआयचे वेगळे पैसे लावते आणि महिनोन्‌महिने घेते. तोवर आमच्या सेल्सवाल्यांनी गो-लाइव्हची तारीख कबूल केलेली असते. मग सोपा रस्ता म्हणून टेबलात हात घालायची मागणी होते. ती चुकीची आहे, मी आमच्या बैठकीतही हे बोलतो.

तुम्ही चार एपीआय ठरवून, इनपुट-आउटपुट आणि एरर कोड लिहून दिलेत तर कुठलाही बरा व्हेंडर त्यावर काम करेल. सीबीएसचे एपीआय तयार होईपर्यंत गेटवेवर खोटी उत्तरं देणारा सिम्युलेटर लावून द्या. आमचं निम्मं काम त्यावर होतं आणि प्रॉडक्शनच्या कॉपीची मागणी आपोआप गळते.

चाफा

सीबीएसच्या इंटिग्रेशनवर काम करते. गिरगावकर, तुमच्या चार कामांपैकी दोन वाचायची आहेत, दोन लिहायची. त्यांना एकाच मापाने मोजू नका.

वाचायची कामं मूळ डेटाबेसवरून करूच नका. स्टँडबाय किंवा वेगळी रेप्लिका (मूळ डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी नक्कल) ठेवा आणि एपीआय तिथून उत्तर देऊ दे. (ओरॅकलची स्टँडबाय वाचण्यासाठी उघडी ठेवायची तर अॅक्टिव्ह डेटा गार्डचं लायसन्स वेगळं लागतं, ते आधी बघा. नाहीतर ऑडिटमध्ये निघेल.) आणि त्यांना नेमकं काय लागतं ते विचारा. वर्षभराचा पूर्ण उतारा लागतो, की सरासरी शिल्लक, महिन्याची जमा आणि परत गेलेले हप्ते एवढंच? हे तीन आकडे तुमच्याकडेच काढून दिलेत तर ग्राहकाने कुठल्या डॉक्टरला पैसे दिले ते व्हेंडरच्या क्लाउडवर जायचं कारणच उरत नाही.

लिहायच्या कामांत खरी सुरक्षा सीबीएसच्या आत लागते आणि नेमकं तिथेच सगळे घाई करतात. इंटिग्रेशनसाठी वेगळा युजर तयार करा. त्याला फक्त तुमच्या ठरलेल्या कर्ज स्कीममध्येच खातं उघडता आलं पाहिजे. नावे टाकायला फक्त ते नवं कर्जखातं, जमा करायला फक्त त्याच सीआयएफचं (ग्राहक क्रमांकाचं) खातं. दुसऱ्या कोणाच्या खात्यात पैसे टाकायची विनंती आली तर सीबीएसनेच ती नाकारायची, मग गेटवेने ती पास केलेली असो वा नसो. एका व्यवहाराची आणि दिवसाची मर्यादा सीबीएसमध्ये बांधा. एका रकमेच्या वर सॉफ्टवेअर फक्त मेकर, चेकर तुमचा अधिकारी, तोही सीबीएसच्या स्क्रीनवरून. एवढं केलंत तर उद्या व्हेंडरच्या चाव्या, सर्टिफिकेट, सगळं चोरीला गेलं तरी चोराला बनावट कर्ज फक्त त्याच ग्राहकाच्या खात्यात टाकता येईल. त्रास होईल, पण पैसा बँकेतच राहील आणि एंट्री उलटवता येईल.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत काय झालं आठवून बघा. मध्ये बसवलेल्या बनावट स्विचने (कार्डांच्या विनंत्या बँकेकडे वळवणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने) कार्डांच्या व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली, विनंत्या सीबीएसपर्यंत पोचल्याच नाहीत. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी स्विफ्टवरून (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या जाळ्यावरून) हाँगकाँगला १३.९२ कोटी गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. शेवटचा होकार सीबीएसचाच असला पाहिजे, मधल्या कुठल्याही पेटीचा नाही.

गिरगावकर

चाफाताई, हे सोनं आहे. त्याच सीआयएफची अट आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. सीबीएसच्या कंपनीला आजच विचारतो.

एक शंका. आमच्या एका संचालकांचं म्हणणं असं की एवढी भानगड असेल तर जोडूच नका. व्हेंडरच्या स्क्रीनवर मंजुरी होऊ दे, आमचा क्लार्क ती बघून सीबीएसमध्ये हाताने एंट्री करेल.

जमाखर्च

तो मार्ग सुरक्षित वाटतो, पण नाही. दोन यंत्रणा एकमेकींना ओळखत नसल्या की काय होतं ते आपल्या फोर्टातच घडलं. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टवर हमीचे संदेश जात होते आणि सीबीएसमध्ये त्यांची नोंद होत नव्हती, कारण स्विफ्ट सीबीएसला जोडलेलंच नव्हतं. वर्षानुवर्षं हे चाललं, २०१८ मध्ये उघडकीला आलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून बँकांना सावध केलं होतं. प्रकरण फुटल्यावर स्विफ्ट सीबीएसला जोडायला ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली.

त्यामुळे जोडणी हवी. आणि त्याच्या जोडीला रोजचा ताळमेळ हवा. व्हेंडरने दिवसभरात वितरित झालेल्या कर्जांची यादी द्यायची, आपल्या माणसाने ती सीबीएसच्या जीएलशी ताडायची. एका बाजूला आहे आणि दुसरीकडे नाही अशी एकही नोंद दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही. मध्ये सस्पेन्स खातं (रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं) ठेवलंत तर त्याची शिल्लक संध्याकाळी शून्य. हे काम जोडणी करणाऱ्या टीमकडे देऊ नका, लेखा विभागाकडे द्या.

चाफा

जमाखर्च काकांशी शंभर टक्के सहमत. क्लार्कच्या पद्धतीत आणखी एक तोटा असा की त्याचा पासवर्ड महिन्याभरात टेबलावरच्या तिघांना माहीत होतो.

ताळमेळ निघालाच आहे तर टाइमआउटबद्दल लिहिते. व्हेंडर वितरणाची विनंती पाठवतो. सीबीएस एंट्री मारतं, पण डे-एंडचं काम चालू असल्याने उत्तर यायला चाळीस सेकंद लागतात. गेटवे तीस सेकंदांनी कंटाळून टाइमआउट देतो. व्हेंडरचा प्रोग्राम ते अपयश समजून पुन्हा पाठवतो. ग्राहकाच्या खात्यात पाच लाखांऐवजी दहा लाख.

उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवसापासून हवा. प्रत्येक विनंतीला व्हेंडरने एक संदर्भ क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. सीबीएसच्या बाजूला त्या क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली विनंती नवी एंट्री करणार नाही, पहिलीचंच उत्तर परत देईल. टाइमआउट आल्यावर व्हेंडरने आधी स्थिती विचारायची, मग काय ते ठरवायचं. जुनी विनंती पकडून पुन्हा पाठवणाऱ्या चोरालाही हाच क्रमांक आडवा येतो.

आणि डे-एंडच्या वेळेत वितरण बंद ठेवा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे म्हणून कर्जवितरणही चोवीस तास हवं असा आग्रह होईल. रात्री बाराला कर्ज कोणाला लागतंय? रांगेत ठेवा, सकाळी डे-बिगिननंतर सोडा.

कुर्ला_जंक्शन

एक वेगळा पर्याय. आम्ही फायरवॉलवर आत येणारा एकही पोर्ट उघडला नाही. बँकेच्या आत व्हेंडरचा छोटा एजंट प्रोग्राम बसवला, तोच बाहेर ४४३ पोर्टवर जोडणी करतो, रांगेतली कामं उचलतो आणि उत्तरं परत टाकतो. ना व्हीपीएन, ना पब्लिक आयपी. इंटरनेटवरून स्कॅन केलं तर काही दिसतच नाही. छोट्या बँकेसाठी हे जास्त सुटसुटीत नाही का?

ठाणे_लोकल

सुटसुटीत आहे, स्कॅनपासून बचाव होतो हेही खरं. पण जोडणी कोणी सुरू केली याने अधिकार बदलत नाहीत. रांगेत "या खात्यात पैसे टाक" असं काम आलं तर एजंट ते करणारच. शिवाय व्हेंडरचा प्रोग्राम तुमच्या नेटवर्कच्या आत बसला. तो स्वतःला आपोआप अपडेट करतो का? करत असेल तर उद्या त्याच्या आत काय येईल ते तुम्ही ठरवत नाही. ऑटो-अपडेट बंद करा, एजंट डीएमझेडमध्येच ठेवा, त्याला फक्त मिडलवेअर दिसू दे, आणि बाहेर जाताना व्हेंडरचा एकच पत्ता मोकळा ठेवा.

कुर्ला_जंक्शन

ऑटो-अपडेट चालू आहे. उद्याच बघतो. तरी माझं मत कायम आहे, ज्यांच्याकडे चोवीस तास फायरवॉल बघायला माणूस नाही त्यांनी आत येणारं दार ठेवू नये.

तपासणीस

आयएस ऑडिट (माहिती यंत्रणांची तपासणी) करते. टियर ३ म्हणालात, म्हणून रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे नियम तुम्हाला लागू होतात, ते १० एप्रिल २०२३ च्या निर्देशांनी आले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हा त्याचा गाभा. करारात हे घातलंय का बघा: व्हेंडरची तपासणी करायचा बँकेचा आणि रिझर्व्ह बँकेचा हक्क, त्याचे उपकंत्राटदार कोण, करार संपल्यावर डेटा कसा पुसणार. आणि घटना कळवायची मुदत. व्हेंडरला घटना समजल्यापासून ६ तासांत बँकेने रिझर्व्ह बँकेला कळवायचं असतं. व्हेंडरच्या मसुद्यात "४८ तासांत कळवू" असं असेल तर तो तसाच सही करू नका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही ६ तासच आहेत, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत.

लॉगवरून आठवलं. गेटवेचे लॉग उघडून वाचा. विनंतीचा पूर्ण मजकूर लिहिला जात असतो, त्यात पॅन, खाते क्रमांक, मोबाइल सगळं उघडं. डेटाबेसला एवढी कुलपं लावायची आणि तोच डेटा लॉगच्या साध्या फाइलमध्ये, जी सपोर्टवाला कोणीही डाउनलोड करतो. लॉगमध्ये खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवा, बाकी झाका. यूएटीत (चाचणीच्या यंत्रणेत) प्रॉडक्शनचा डेटा अजिबात नको, द्यायचाच तर मास्क करून.

ऐरोली_नॉक

सर्टिफिकेट कुठलं घ्यायचं याबद्दल कोणी लिहिलं नाही. म्युच्युअल टीएलएससाठी बाजारातून घेतलेलं वेबसाइटचं सर्टिफिकेट वापरू नका. त्यांची मुदत कमी कमी होत चालली आहे, आणि त्यांतून क्लायंटची ओळख पटवायची सोय मोठ्या संस्था काढून टाकत आहेत. बँकेची स्वतःची छोटी सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) उभी करा, व्हेंडरला तुम्हीच सर्टिफिकेट द्या. खासगी की व्हेंडरच्याच बाजूला तयार होईल, तो तुम्हाला फक्त सीएसआर (सर्टिफिकेटसाठीची विनंती) पाठवेल. जुनं आणि नवं सर्टिफिकेट काही दिवस दोन्ही चालतील असं गेटवेवर ठेवा. संपायची तारीख एका माणसाच्या कॅलेंडरमध्ये नको, मॉनिटरिंगमध्ये हवी. आणि सर्टिफिकेट रद्द करून बघा, खरंच जोडणी तुटते का. बऱ्याच ठिकाणी रद्द झालेल्यांची यादी गेटवे तपासतच नाही.

गिरगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली. थेट डेटाबेसची मागणी व्हेंडरने मागे घेतली, कोरा_कागद यांचा सिम्युलेटरचा मुद्दा त्यांना लगेच पटला. एपीआयचा खर्च वाढला, तो मंडळाने मान्य केला. ब्रॅडी हाउसचं उदाहरण दिल्यावर हाताने एंट्रीचा विषय तिथेच संपला. सीबीएसची कंपनी सीआयएफची अट युजरच्या पातळीवर घालता येईल म्हणाली, पण डेमो अजून दिलेला नाही.

आता डीआरचा प्रश्न. ड्रिल करताना आम्ही सीबीएस बंगळुरूहून चालवतो. तेव्हा ही जोडणी कशी वळवायची?

ऐरोली_नॉक

बंगळुरूच्या डीएमझेडमध्ये दुसरा गेटवे आणि दुसरं टनेल आत्ताच उभं करा, आणि कायम चालू ठेवा. ड्रिलच्या दिवशी टनेल बांधायला बसलात तर व्हेंडरचा नेटवर्कवाला सुट्टीवर असतो. व्हेंडरने आयपीऐवजी नावाने जोडलं पाहिजे, म्हणजे डीएनएस बदललं की काम होतं. त्यांच्या व्हाइटलिस्टमध्ये दोन्ही पत्ते आधीच टाकून घ्या. संदर्भ क्रमांकांचं टेबल डीआरला रेप्लिकेट होतं का तेही तपासा. ते मागे राहिलं तर वळवल्यानंतर जुनी विनंती नवी समजली जाईल आणि चाफाताईंनी सांगितलेली दुहेरी एंट्री डीआरवर होईल. हे टेबल सीबीएसच्याच डेटाबेसमध्ये असेल तर बरं.

मुंबईच्या बाजूला दोन कंपन्यांच्या लाइन असतील तर त्या इमारतीत कुठून शिरतात ते स्वतः खाली उतरून बघा. दोन वेगळ्या कंपन्या, पण डक्ट एकच, हे आपल्याकडे सर्रास असतं. मेमध्ये पावसाळ्याआधी रस्ता खणला की दोन्ही एकदम जातात.

चाफा

आणि सीआयएफची अट डेमोत बघताना चालणारं उदाहरण बघू नका. दुसऱ्याच ग्राहकाचं खातं देऊन विनंती पाठवायला लावा आणि सीबीएसने दिलेला एरर कोड लिहून घ्या. तोच कोड यूएटीच्या टेस्ट केसमध्ये पहिल्या नंबरला टाका, आणि सीबीएसचा प्रत्येक पॅच लागल्यावर ती टेस्ट पुन्हा चालवा.